निळ्याला लागलेला उशीर

१८९३ साली अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या शेफील्ड सायंटिफिक स्कूलमध्ये होरेस वेल्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ सिझियम आणि शिशाचे क्षार एकत्र विरघळवून त्यांचे स्फटिक तयार करत होते. क्लोरीनचा क्षार घेतला की स्फटिक फिकट निघत, ब्रोमीनचा घेतला की नारिंगी. वेल्स यांनी त्यांचं पृथक्करण केलं, सूत्रं ठरवली आणि एका जर्मन नियतकालिकात निबंध छापला. आज टोरांटोपासून तियानजिनपर्यंतच्या प्रयोगशाळांत ज्या पदार्थातून निळा एलईडी घडवण्याची चढाओढ चालू आहे, तो याच क्षारांच्या कुळातला.

त्याला नाव मात्र दुसऱ्याच घराण्यातून मिळालं. १८३९ मध्ये उरल पर्वतातल्या एका खनिजाचे नमुने बर्लिनच्या गुस्ताव रोझे यांच्या हाती आले. ते खनिज कॅल्शियम टायटेनेट निघालं. रोझे यांनी लेव्ह पेरोव्हस्की या रशियन सरदाराच्या नावावरून त्याला पेरोव्हस्काइट म्हटलं; पेरोव्हस्कींना खनिजं जमवण्याचा नाद होता. त्या दगडात ना शिसं, ना सिझियम, ना ब्रोमीन. वेल्स यांच्या स्फटिकांशी त्याचं नातं आहे ते फक्त अणूंच्या मांडणीचं. मध्ये धातूचा अणू, त्याभोवती सहा अणू, असे अष्टफलक टोकाला टोक जोडून सगळीकडे पसरलेले, आणि त्यांच्यामधल्या पोकळ्यांत एकेक मोठा आयन. वेल्स यांच्या स्फटिकांतही हीच मांडणी आहे हे डेन्मार्कच्या क्रिस्टियन म्योलर यांनी १९५८ मध्ये दाखवलं. या स्फटिकांवर प्रकाश पडला की त्यांतून वीज अधिक सहज वाहते, हेही त्यांनी त्याच निबंधात नोंदवलं. पुढे १९७८ मध्ये जर्मनीत डीटर वेबर यांनी सिझियमच्या जागी मेथिलअमोनियम हा छोटा सेंद्रिय आयन बसवला. ही शाखा आधी सौरघटांकडे गेली आणि तिथून प्रकाशाकडे वळली. पण ते होईपर्यंत निळ्या दिव्याचा एक वेगळा इतिहास घडून गेला होता, आणि तो सांगितल्याशिवाय आजची अडचण कळत नाही.

स्फटिकातून वीज सोडल्यावर प्रकाश निघतो हे मार्कोनी कंपनीतले अभियंते हेन्री राउंड यांनी १९०७ मध्ये सिलिकॉन कार्बाइडवर पाहिलं आणि एक छोटं टिपण छापलं. १९२० च्या दशकात रशियात ओलेग लोसेव्ह यांनी त्या उजेडाचा चिकाटीने अभ्यास केला. १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने त्यांचा अंत झाला, तेव्हा ते अवघे ३८ वर्षांचे होते. एलईडीचा इतिहास सांगताना त्यांचं नाव फार कमी वेळा घेतलं जातं, याचं मला नेहमी वाईट वाटतं. १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी करून दाखवला. मागोमाग पिवळा आला, हिरवा आला. भरपूर उजेड देणारा निळा यायला मात्र आणखी तीस वर्षं जावी लागली.

कारण ऊर्जेचं आहे. अर्धवाहकात इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खालच्या रिकाम्या जागेत, म्हणजे होलमध्ये, उतरतो आणि त्या दोन पातळ्यांमधल्या फरकाएवढी ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर पडते. या फरकाला बँडगॅप म्हणतात. ६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला सुमारे २ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. ४६५ नॅनोमीटरच्या निळ्याला २.७ च्या आसपास लागतात. आकड्यात हा फरक फार वाटत नाही, पण बँडगॅप जितका रुंद तितकं त्या पदार्थात बाहेरून इलेक्ट्रॉन आणि होल पोचवणं कठीण, मध्येच अडकवून ठेवणाऱ्या दोषांना जागा जास्त, आणि दर वेळी मोकळी होणारी ऊर्जा रासायनिक बंधांना अधिक जाच करणारी.

गॅलियम नायट्राइडने हे सगळं सोसलं. १९६८ पासून अमेरिकेत आरसीए कंपनीत हर्बर्ट मारुस्का त्याच्या मागे लागले होते. १९७४ मध्ये कंपनीने तो प्रकल्प बंद केला. नागोया विद्यापीठात इसामू अकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो यांनी १९८६ मध्ये नीलमण्याच्या चकतीवर चांगला स्फटिक वाढवला आणि १९८९ मध्ये होल वाहून नेणारं गॅलियम नायट्राइड मिळवलं. निचिया कंपनीतल्या शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये बाजारात नेता येईल असा झगझगीत निळा एलईडी तयार केला. तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. आपल्या घरातले पांढरे एलईडी दिवे या निळ्यावर पिवळा फॉस्फर चढवूनच बनतात.

दुसरं घराणं सेंद्रिय एलईडीचं, म्हणजे ओएलईडीचं. कोडॅकमधल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये त्याची सुरुवात केली. तिथेही निळाच मागे राहिला. बहुतेक फोनच्या पडद्यांत लाल आणि हिरव्यासाठी विजेचा पुरेपूर उपयोग करणारे फॉस्फरसन्ट रेणू असतात, निळ्यासाठी मात्र अजून जुने फ्लुओरसन्ट, कारण निळे फॉस्फरसन्ट लवकर मरतात. पेरोव्हस्काइटची अडचण पाहताना ही दोन घराणी डोळ्यांसमोर ठेवावीत असं मला वाटतं. नाहीतर एकाच पदार्थाला नावं ठेवली जातात, आणि तो न्याय होत नाही.

मग तिसरं घराणं कशाला? गॅलियम नायट्राइडला सुमारे हजार अंश सेल्सियस तापमान आणि महागडी यंत्रं लागतात, आणि पडदा करायचा तर लाखो सूक्ष्म तुकडे एकेक करून बसवावे लागतात. पेरोव्हस्काइटचं द्रावण काचेवर पसरवून शंभर अंशांच्या आसपास तापवलं की प्रकाश देणारा थर तयार. शिवाय त्याच्या प्रकाशाचा पट्टा जेमतेम वीस नॅनोमीटर रुंदीचा, म्हणजे रंग अतिशय शुद्ध. पडदा बनवणाऱ्याला याहून अधिक काय हवं असतं?

या कुळातला पहिला लक्षणीय उजेड १९९४ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठात दिसला. मासानाओ एरा आणि तेत्सुओ त्सुत्सुई यांच्या गटाने पापुद्र्यांची रचना असलेल्या शिशाच्या आयोडाइडमधून तेजस्वी हिरवा प्रकाश काढला, पण द्रव नायट्रोजनच्या थंडीत. खोलीच्या तापमानाला तो टिकेना. २००९ मध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या योकोहामातल्या गटाने मेथिलअमोनियमच्या पेरोव्हस्काइटचा सौरघट केला, कार्यक्षमता ३.८ टक्के. तीन वर्षांत ती दहा टक्क्यांवर गेली आणि सारं लक्ष या पदार्थाकडे वळलं. जो पदार्थ प्रकाशाचे इलेक्ट्रॉन इतके चांगले करतो, तो इलेक्ट्रॉनचा प्रकाशही चांगला करेल, हा विचार केंब्रिजमध्ये रिचर्ड फ्रेंड यांच्या गटाने केला. १९९० मध्ये प्लास्टिकच्या एलईडीची सुरुवात करणारा गट हाच. २०१४ मध्ये झी-क्वांग तान आणि सहकाऱ्यांनी खोलीच्या तापमानाला चालणारे दिवे दाखवले. शंभर इलेक्ट्रॉन आत गेले तर किती फोटॉन बाहेर आले, हे बाह्य क्वांटम कार्यक्षमतेचं माप. अवरक्त दिव्यासाठी ते ०.७६ टक्के होतं, हिरव्यासाठी ०.१. लालही होता. निळा नव्हताच.

पुढचं वर्ष या घराण्याचं सर्वांत सुपीक वर्ष. झुरिकच्या ईटीएचमध्ये माक्सिम कोव्हालेंको यांच्या गटाने सिझियम लेड हॅलाइडचे नॅनोस्फटिक बनवले. वेल्स यांचाच पदार्थ, पण कण काही नॅनोमीटरचे. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन यांचं प्रमाण बदलत गेलं की रंग ४१० पासून ७०० नॅनोमीटरपर्यंत हवा तसा मिळे. त्याच २०१५ मध्ये चीनमधल्या नानजिंगच्या हायबो झेंग यांच्या गटाने अशा कणांचे तीन रंगांचे एलईडी केले. त्यात निळ्याची कार्यक्षमता होती ०.०७ टक्के.

आणि त्याच वर्षी पुण्याचं नाव या वंशावळीत आलं. पाषाणच्या आयसरमधले अंशुमन नाग, त्यांचे विद्यार्थी अभिषेक स्वर्णकार आणि आयआयटी मुंबईचे अरिंदम चौधरी यांनी सिझियम लेड ब्रोमाइडच्या ११ नॅनोमीटरच्या कणांवर काम केलं. असंख्य कणांच्या समूहाचा प्रकाश आणि एकेकट्या कणाचा प्रकाश त्यांनी तपासून पाहिला. दोन्हींच्या पट्ट्याची रुंदी जवळपास सारखीच निघाली. जुन्या कॅडमियम सेलेनाइडच्या क्वांटम डॉटमध्ये कणाचा आकार थोडा बदलला की रंग बदलतो, म्हणून समूहाचा रंग पसरट होतो. इथे ती भानगड नव्हती. शोषलेल्या फोटॉनपैकी सुमारे नव्वद टक्के परत प्रकाश म्हणून बाहेर येत होते. मी या निबंधाला फार मोठं स्थान देतो, कारण पुढे निळ्यासाठी नेमकं काय गमवावं लागणार होतं ते त्यातून समजतं. हे कण आकाराला जुमानत नव्हते, कारण ते पुरेसे मोठे होते. २०१६ मध्ये नाग यांच्याच गटाने या कुळातल्या पदार्थांच्या ऊर्जापातळ्या विद्युत-रसायनाच्या पद्धतीने मोजल्या. आयोडीनकडून क्लोरीनकडे जाताना बँडगॅप रुंदावतो तो मुख्यतः खालची पातळी आणखी खाली गेल्यामुळे. म्हणजे निळ्या पदार्थात होल ढकलणं सर्वांत अवघड.

हिरवा पेरोव्हस्काइट असतो शुद्ध ब्रोमाइडचा. त्याचा निळा करायचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही मार्गांवर काटे आहेत.

पहिला मार्ग क्लोरीन मिसळण्याचा. आयोडाइड आणि ब्रोमाइडमध्ये स्फटिकाचा एखादा अणू जागेवर नसला तरी फारसं बिघडत नाही. त्या दोषाच्या पातळ्या बँडगॅपच्या काठाशीच राहतात आणि इलेक्ट्रॉन अडकत नाही. पेरोव्हस्काइटचं सगळं कौतुक या सोशिकपणामुळे आहे. क्लोरीन आलं की तो गुण सुटतो. क्लोरीनची रिकामी जागा बँडगॅपच्या आत खोलवर पातळी तयार करते, तिथे इलेक्ट्रॉन अडकतो आणि प्रकाशाऐवजी उष्णता होते. नुसत्या सिझियम लेड क्लोराइडचे कण त्यामुळे अगदी मंद असत. हैदराबाद विद्यापीठात अनुनय सामंता यांच्या गटाने या कणांवर कॅडमियम क्लोराइडची साधी प्रक्रिया केली आणि त्यांचा निळा-जांभळा प्रकाश शंभर टक्क्यांच्या जवळ नेला. दोष पृष्ठभागावर आहे आणि तो बुजवता येतो, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

पण द्रावणातला कण निराळा आणि विजेखाली चालणारा दिवा निराळा. २०१५ मध्येच स्टॅनफर्डच्या एरिक होक आणि मायकेल मॅकगीही यांनी दाखवून दिलं होतं की ब्रोमीन-आयोडीनच्या मिश्रणावर प्रकाश टाकला की दोन्ही आयन वेगळे होऊन आपापले गट करतात, आणि अंधार केला की पुन्हा मिसळतात. ब्रोमीन-क्लोरीनच्या दिव्यातही विजेच्या ताणाखाली हेच होतं. सुरू केला तेव्हा निळा असलेला दिवा ब्रोमीनचे गट जमतील तसा हिरवट होत जातो.

दुसरा मार्ग आकाराचा. शुद्ध ब्रोमाइडच ठेवायचं, पण इलेक्ट्रॉनला इतक्या अरुंद जागेत कोंडायचं की त्याची ऊर्जा वाढेल. त्यासाठी कण चार-पाच नॅनोमीटरच्या खाली न्यावे लागतात, आणि पुण्यात दिसलेला तो गुण तिथे संपतो: आता प्रत्येक कणाचा आकार रंग ठरवतो. कण लहान झाला की त्याच्या मानाने पृष्ठभाग वाढतो, पृष्ठभाग वाढला की दोष वाढतात. तो झाकायला लांब साखळ्यांचे सेंद्रिय रेणू लावावेत तर ते विजेला अडवतात.

कोंडण्याचा आणखी एक प्रकार म्हणजे फेनेथिलअमोनियमसारखे मोठे आयन घालून स्फटिकाचे पातळ पापुद्रे पाडणं. एरा यांच्या पदार्थाची ही पुढची पिढी. पण पापुद्रे एकसारख्या जाडीचे पडत नाहीत, आणि उतारावरचं पाणी जसं सर्वांत सखल जागी जमतं तशी पातळ पापुद्र्यांतली ऊर्जा सर्वांत जाड पापुद्र्याकडे धावते. हिरव्या दिव्याला याचा फार फायदा झाला. २०१८ मध्ये हिरवा, लाल आणि अवरक्त असे तिन्ही दिवे वीस टक्क्यांच्या पुढे गेले. निळ्यासाठी मात्र हीच धाव घातक, कारण ती थांबते हिरव्यावर.

तरीही निळ्याचे आकडे चढत गेले. २०१९ मध्ये चीनच्या झेजियांग विद्यापीठातल्या यिझेंग जिन यांच्या गटाने ४८३ नॅनोमीटरला ९.५ टक्के गाठले. २०२० मध्ये टोरांटोत टेड सार्जंट यांच्या गटाने लहान कणांवरचे लांब रेणू काढून त्याजागी आयनांचं दुहेरी कवच चढवलं. ४७९ नॅनोमीटरला १२.३ टक्के. २०२२ मध्ये तियानजिनच्या नानकाई विद्यापीठात मिंगजियान युआन यांच्या गटाने कण वेगळे बनवून पसरवण्याऐवजी काचेवरच वाढवले. ४८० नॅनोमीटरला १७.९ टक्के. त्यानंतर वीस टक्क्यांच्या पुढचे दावेही आले.

हे आकडे वाचताना शेजारची तरंगलांबी वाचायलाच हवी. ४८० ते ४९० नॅनोमीटर म्हणजे आकाशी. अतिउच्च दर्जाच्या टीव्हीसाठी ठरलेल्या रेक २०२० या मानकात निळा आहे ४६७ नॅनोमीटरचा. नानकाईच्या ज्या निबंधात ४८० ला १७.९ टक्के आहेत, त्यातच ४६५ ला १०.३ आहेत. पंधरा नॅनोमीटरसाठी मोजलेली ही किंमत त्यांनी लपवली नाही, हे मला आवडलं. शीर्षकात नुसतं ‘निळा’ लिहून ४९० चा दिवा मांडणाऱ्या निबंधांबद्दल मला तसं म्हणता येत नाही.

कार्यक्षमतेचा एक भाग शेजारच्या थरांत दडलेला आहे. होल पुरवायला बहुधा पीडॉट नावाचा वाहक पॉलिमर वापरतात. त्याची पातळी आणि निळ्या पेरोव्हस्काइटची खोल गेलेली पातळी यांत मोठी पायरी राहते. होल कमी पडतात, इलेक्ट्रॉन जास्त होतात, आणि जास्तीचे इलेक्ट्रॉन थर तापवतात. शिवाय पीडॉट आम्लधर्मी; ते पेरोव्हस्काइटची चिकटलेली बाजू बिघडवतं. म्हणून निकेल ऑक्साइड, मधले पॉलिमरचे थर, एका रेणूच्या जाडीची आवरणं असं बरंच काही आजमावलं जात आहे.

खरा प्रश्न टिकाऊपणाचा. २०२२ मध्ये सोल राष्ट्रीय विद्यापीठातल्या ते-वू ली यांच्या गटाने २८.९ टक्क्यांचा हिरवा दिवा केला. दर चौरस मीटरला १०० कँडेला या तेजाला त्याचा उजेड निम्मा व्हायला सुमारे ३०,००० तास लागतील असा त्यांचा अंदाज आहे. निळ्या दिव्यांची आयुष्यं याच मापाने अनेकदा मिनिटांत सांगितली जातात, चांगली असली तर तासांत. या तुलनेत निळ्यावर थोडा अन्यायही होतो. आपला डोळा ४६५ नॅनोमीटरला हिरव्याच्या मानाने फार मंद, त्यामुळे तेवढेच कँडेला दाखवायला निळ्या दिव्याला सुमारे दहापट फोटॉन सोडावे लागतात. पण तो अन्याय दुरुस्त केला तरी अंतर प्रचंड राहतं.

तीन-चार व्होल्ट ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण सगळ्या थरांची मिळून जाडी शंभर-दीडशे नॅनोमीटर, म्हणजे विद्युतक्षेत्र दर मीटरला काही कोटी व्होल्टचं. पेरोव्हस्काइट हा आयनांचा मऊ स्फटिक. रिकाम्या जागांमधून हॅलाइड आयन उड्या मारत सरकतात, थर सोडून इलेक्ट्रोडपर्यंत पोचतात, मागे आणखी रिकाम्या जागा ठेवतात. आणि हा मऊपणा काढून टाकता येत नाही. शंभर अंशांना काचेवर स्फटिक आपोआप जुळून येतो तो याच मऊपणामुळे. गॅलियम नायट्राइडचे बंध हजार अंशांना जुळतात, म्हणून ते सहजी सुटतही नाहीत.

म्हणून आताचे प्रयत्न आयनांना जागेवर धरून ठेवण्याचे आहेत. २०१८ मध्ये केंब्रिजच्या सॅम स्ट्रँक्स यांच्या गटाने पोटॅशियम घालून हॅलाइडची भटकंती पुष्कळ थोपवली. पोटॅशियमचे हॅलाइड कडांवर जमतात आणि रिकाम्या जागा भरतात. निळ्या दिव्यांत पोटॅशियम, रुबिडियम, फॉस्फिन ऑक्साइडसारखे शिशाला धरून ठेवणारे रेणू यांचा वापर होतो तो याच विचाराने. माझ्या मते पुढच्या निबंधांत कार्यक्षमतेआधी आयुष्याचा आकडा छापायला हवा, आणि तोही ४७० नॅनोमीटरच्या आतला.

एक फांदी शिशापासूनही दूर गेली आहे. युरोपच्या नियमानुसार विजेच्या उपकरणांतल्या कुठल्याही एकजिनसी भागात ०.१ टक्क्याहून जास्त शिसं चालत नाही. टोकियोत हिदेओ होसोनो यांच्या गटाने २०१८ मध्ये सिझियम, तांबं आणि आयोडीन यांचा स्फटिक पुढे आणला. तो ४४५ नॅनोमीटरला, सुमारे नव्वद टक्के कार्यक्षमतेने उजळतो आणि हवेतही टिकतो. पण त्याची मांडणी पेरोव्हस्काइटची नाही, त्याच्या प्रकाशाचा पट्टा रुंद आहे आणि विजेवर चालवला की तो शिशाच्या भावंडांच्या फार मागे पडतो.

बाजारात मात्र पेरोव्हस्काइट पोचला आहे, टीव्हीच्या पडद्यामागच्या पातळ पटलात. तिथे त्याला वीज द्यावी लागत नाही. मागून येणारा निळा प्रकाश शोषून तो शुद्ध हिरवा परत देतो. तो निळा प्रकाश गॅलियम नायट्राइडचा असतो.